एकवीस इंचांचे चाक : वाळवंटातून महामार्गावर आलेल्या मोटारसायकली (धागा)

बीएमडब्ल्यूची जीएस, होंडाची आफ्रिका ट्विन, केटीएमची सुपर ॲडव्हेंचर, डुकाटीची मल्टिस्ट्राडा. मोठी ॲडव्हेंचर मोटारसायकल घेऊ पाहणारा माणूस बहुधा याच चार नावांत घुटमळतो. अश्वशक्ती, किंमत आणि स्क्रीनचा आकार यांची तुलना करण्यात त्याचे महिने जातात. या गाड्यांचा स्वभाव ओळखायचा असेल तर आधी पुढच्या चाकाकडे पाहावे. ते २१ इंची आहे की १९ इंची, यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

आरंभ होतो एका रस्ता चुकलेल्या स्वारापासून. १९७७ साली आबिजान-नीस शर्यतीत थिएरी साबीन हा फ्रेंच मोटारसायकलस्वार लिबियाच्या वाळवंटात भरकटला आणि मरता मरता वाचला. परतल्यावर त्याने वाळवंटाचा धसका घेतला नाही. उलट इतरांनाही तेथे नेण्याचे ठरवले. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली पॅरिस-डकार शर्यत सुटली. मोटारसायकलींत सिरिल नव्हो विजयी झाला. त्याची यामाहा एक्सटी ५०० ही एकाच सिलिंडरची, हलकी आणि साधी गाडी होती. मोठ्या इंजिनाचे वाळवंटात काही काम आहे, असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते.

त्याच सुमारास म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यूचा मोटारसायकल विभाग संकटात होता. जपानी कंपन्या वेगवान, विश्वासार्ह आणि स्वस्त गाड्या बाजारात ओतत होत्या. बीएमडब्ल्यूकडे होते ते जुने, आडव्या सिलिंडरांचे बॉक्सर इंजिन आणि मागच्या चाकाला शक्ती पोचवणारा शाफ्ट. नवे इंजिन घडवण्याइतका अवधी हाती नव्हता, म्हणून आहे त्याच सामग्रीतून १९८० मध्ये आर ८० जी/एस उभी राहिली. ७९७ सीसी, ५० अश्वशक्ती, मागचे चाक एकाच बाजूने धरणारा दांडा आणि पुढे २१ इंचांचे चाक. ‘जी’ म्हणजे गेलेंडे, अर्थात रानमाळ. ‘एस’ म्हणजे श्ट्रासे, रस्ता. मधली तिरकी रेघ दोहोंतील तडजोड सांगत होती. पुढल्याच वर्षी युबेर ओरिओलने बीएमडब्ल्यूवर डकार जिंकली, १९८३ मध्ये पुन्हा जिंकली. १९८४ आणि १९८५ चे विजय गास्तों राइएचे. जी/एसच्या एकवीस हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतील बहुतेकींनी सहारा पाहिलाही नसेल. पण ३२ लिटरची टाकी असलेली ‘पॅरिस-डकार’ आवृत्ती घेणाऱ्याला आपण तेथे जाऊ शकतो हे ठाऊक असणेच पुरेसे होते.

चाकाचा व्यास इतका महत्त्वाचा का? मोठे चाक दगडावर किंवा खड्ड्याच्या कडेवर कमी कोनात आदळते, त्यामुळे अडकण्याऐवजी चढून जाते. अरुंद टायर वाळू कापत पुढे सरकतो. डांबरी रस्त्यावर मात्र हेच गुण आड येतात. मोठे चाक फिरताना आपली दिशा सोडायला नाखूश असते, म्हणून सलग वळणांत गाडी झुकवायला अधिक जोर लागतो. अरुंद टायरचा रस्त्याशी स्पर्श कमी. त्यात वाळवंटासाठी दिलेले लांब सस्पेन्शन जोरात ब्रेक लावताच पुढे बसते. घाटरस्त्यावर मोठी गाडी चालवलेल्या कोणालाही हे शास्त्र मनगटातून समजते.

होंडाची कथा अधिक नाट्यमय आहे. डकारसाठीच घडवलेल्या एनएक्सआर ७५० या व्ही-ट्विन गाडीने १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षे शर्यत जिंकली. पहिला विजय शोकाचा होता: जानेवारी १९८६ मध्ये मालीत हेलिकॉप्टर कोसळून साबीन आणि त्याच्यासोबतचे चौघे मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी ओरिओल, आता बीएमडब्ल्यू सोडून कॅजिव्हावर, आघाडीवर होता. शर्यत संपायला एक दिवस उरलेला असताना तो पडला. दोन्ही घोटे मोडले. तशाच पायांनी त्याने तो टप्पा पूर्ण केला, पण पुढे जाणे शक्य नव्हते. जेतेपद होंडावरील नव्होकडे गेले. १९८८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या आफ्रिका ट्विनने जे वलय मिरवले, त्यात या दुसऱ्याच्या मोडलेल्या घोट्यांचाही वाटा होता, हे जाहिरातींत अर्थातच कोठे आले नाही.

यानंतरचे खरे वळण शर्यतीच्या मैदानावर आले नाही. १९९३ मध्ये बीएमडब्ल्यूने आर ११०० जीएस सादर केली आणि पुढचे चाक १९ इंचांवर आणले. टेलिलिव्हर या नव्या रचनेने ब्रेकचा भार चाकाच्या वर-खाली होण्यापासून बराचसा वेगळा काढला, त्यामुळे ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक खाली जाईना. एबीएसही मिळू लागले. नावातील तिरकी रेघ तर आधीच गळाली होती. रानमाळ आणि रस्ता यांच्या करारात रस्त्याने मोठा हिस्सा घेतल्याची ही उघड कबुली होती. अनेक जुन्या चाहत्यांना हा विश्वासघात वाटला; व्यवहाराच्या दृष्टीने तो कंपनीचा सर्वांत शहाणा निर्णय होता.

ऑस्ट्रियाची केटीएम अगदी उलट दिशेने आली. २००१ ते २०१९ या काळात डकार तिच्याशिवाय कोणी जिंकली नाही. २००२ मध्ये फाब्रित्सिओ मेओनीने तिच्या दोन सिलिंडरांच्या गाडीवर विजय मिळवला आणि त्यातून २००३ ची ९५० ॲडव्हेंचर आली, अर्थातच २१ इंची चाकासह. (पुण्याच्या बजाज ऑटोने या कंपनीत भागीदारी घेतली ती २००७ मध्ये, चाकणला तयार होणाऱ्या छोट्या केटीएम हे त्याचेच फळ.) २०१३ च्या ११९० ॲडव्हेंचरपर्यंत मात्र केटीएमनेही वाटणी स्वीकारली: सर्वसाधारण आवृत्तीला १९ इंच, रानवाटांच्या ‘आर’ आवृत्तीला २१. याच गाडीवर पुढे झुकलेल्या अवस्थेतही काम करणारे एबीएस आले. भर वळणात घाबरून ब्रेक दाबणाऱ्या स्वाराच्या जिवाचा प्रश्न त्यात होता. कोणत्याही अश्वशक्तीपेक्षा ही सुधारणा मोलाची मानावी लागेल.

डुकाटी तर निघालीच रस्त्यावरून. २००३ ची मल्टिस्ट्राडा १७ इंची चाकांवर उभी होती, म्हणजे उंच बैठकीची स्पोर्ट्स बाइकच. १७० अश्वशक्तीच्या मल्टिस्ट्राडा व्ही४ ला पुढे १९ इंची चाक मिळाले. एक वरून उतरली, दुसरी खालून चढली, आणि दोघी एकाच आकड्यावर भेटल्या.

दरम्यान २००४ मध्ये ‘लाँग वे राउंड’ या मालिकेसाठी युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बोरमन लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोचले. केटीएमने गाड्या देण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी आर ११५० जीएस निवडल्या. मंगोलियाच्या चिखलात त्या वजनदार गाड्यांनी सर्वांचा घाम काढला. चित्रण करणाऱ्या सहकाऱ्याची बीएमडब्ल्यू जायबंदी झाली आणि त्याच्यासाठी तेथेच एक साधी रशियन मोटारसायकल विकत घ्यावी लागली. प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती जीएसच. खुद्द डकारने २०११ पासून ४५० सीसीची मर्यादा सर्वांना लागू केली. ज्या वाळवंटाच्या नावावर मोठ्या गाड्या विकल्या जातात, त्या वाळवंटात शर्यतीपुरती त्यांना जागाच उरली नाही.

मग रस्त्यासाठी निवड कशी करावी? दिवसाला पाचशे-सहाशे किलोमीटर, मागे सोबती आणि दोन्ही बाजूंना पेट्या असतील, तर शाफ्टची जीएस सोयीची. चेनला तेल देणे, ती ताणणे हा व्याप नाही. त्याची किंमत वजनात आणि पैशांत मोजावी लागते. वेगाची ओढ असेल तर केटीएम आणि डुकाटी. १२९० सुपर ॲडव्हेंचरचे इंजिन १६० अश्वशक्तीचे आहे, आणि व्ही४ च्या व्हॉल्व्हची तपासणी ६०,००० किलोमीटरनंतर येते, जी इटालियन गाड्यांची जुनी कीर्ती पाहता थक्क करणारी गोष्ट आहे. शंभरेक अश्वशक्तीची आफ्रिका ट्विन कागदावर मागे पडते; पण क्लचचा लिव्हरच नसलेली तिची डीसीटी आवृत्ती शहराच्या गर्दीत हाताला जो विसावा देते, तो कागदावर दिसत नाही. उंची मात्र चौघींचीही तपासूनच घ्यावी. साधारण ८५० मिलिमीटरची बैठक आणि सव्वादोनशे किलोंच्या वरचे वजन उतारावर उभे असताना सांभाळावे लागते.

आफ्रिका ट्विनने २१ इंची चाकाची निष्ठा सर्वांत दीर्घकाळ जपली. २०१६ मध्ये नव्याने अवतरतानाही तिने ते सोडले नाही. २०२४ मध्ये होंडाने तिची ‘ॲडव्हेंचर स्पोर्ट्स’ ही लांब पल्ल्याची आवृत्ती सुधारली. मूळ गाडीचे चाक २१ इंचीच राहिले. ॲडव्हेंचर स्पोर्ट्सला मात्र १९ इंचांचे चाक बसवले गेले.