दवाखाना हा कारखाना आहे की देऊळ?

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी एका तरुण डॉक्टरवर ड्युटीवर असताना बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. त्यानंतर देशभर रुग्णालयांतल्या सुरक्षेची चर्चा सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्टला राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यात नामवंत डॉक्टर होते आणि पदसिद्ध सरकारी अधिकारी होते. वॉर्डातली आया, सफाई कामगार, कंत्राटी वॉर्डबॉय यांच्यातला कुणी त्या टेबलावर नव्हता. डॉक्टरांचा संताप खरा होता, त्यांच्या मागण्याही रास्त होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण रुग्णालयात ‘कर्मचारी’ म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही. या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून निघतो.

१९५० च्या दशकात जे. जे. रुग्णालय समूहातल्या दोन महिला वॉर्ड-सेविकांना सरकारने नोटीस देऊन कामावरून कमी केले. त्यांच्या जागी दुसऱ्या सरकारी खात्यातून कमी झालेल्या माणसांना घेतले. या बाया हॉस्पिटल मजदूर सभेच्या सभासद होत्या. युनियनचे म्हणणे साधे होते : औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कामगार कमी करताना नुकसानभरपाई द्यावी लागते, ती दिलेली नाही, म्हणून ही कपात बेकायदा आहे. सरकारचे उत्तर मात्र वाचण्यासारखे आहे. रुग्णालय हा उद्योगच नाही, असे सरकार म्हणाले. तिथे नफा नाही, व्यापार नाही, सरकार तिथे जनतेची सेवा करते, म्हणून हा कायदा लागू नाही.

हायकोर्टात युनियन जिंकली. सरकार अपिलात गेले. १९६० साली न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. मालक आणि कामगार मिळून संघटितपणे, पद्धतशीरपणे लोकांना सेवा पुरवत असतील, तर नफा असो वा नसो, कायद्याच्या दृष्टीने ते उद्योगच, असा त्या निकालाचा आशय. दोन वॉर्ड-सेविकांच्या नोकरीवरून देशाच्या कामगार कायद्याची व्याख्या ठरली! आपल्या चळवळीच्या कॅलेंडरवर याची नोंद कुठे दिसत नाही, हे मला खटकते.

पण हा विजय दहाच वर्षे टिकला. १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उलटा निकाल दिला : रुग्णालय उद्योग नाही. पुढे १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने रुग्णालयाला पुन्हा उद्योगात आणले. लगेच १९८२ मध्ये संसदेने दुरुस्ती करून रुग्णालये, शिक्षणसंस्था वगैरे व्याख्येतून वगळायचे ठरवले. ती व्याख्या वर्षानुवर्षे अधिसूचित न होता तशीच पडून राहिली, म्हणून १९७८ चा निकाल तगला. म्हणजे पाहा, रुग्णालयात लादी पुसणारी बाई ‘कामगार’ आहे की नाही, हे ठरवायला या देशाने अशा उड्या मारल्या. कापड गिरणीत लादी पुसणाऱ्याच्या बाबतीत असा घोळ कधी झाला नाही.

का झाला नाही? कारण गिरणीत कुणी ‘सेवा’ म्हणत नाही. रुग्णालयात म्हणतात, आणि खरी मेख त्या शब्दात आहे.

‘सेवा’ या शब्दाचे राजकारण बाबासाहेबांनी १९४५ मध्येच उघडे केले होते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की मैला साफ करण्याच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवले, की ते काम त्याच जातीच्या माणसाच्या गळ्यात कायमचे अडकवणे सोपे जाते. पूर्वी सक्ती होती, आता सक्तीवर फुले वाहायची. दुसरीकडे काही प्रांतांच्या म्युनिसिपल कायद्यांत सफाई कामगाराने नोटीस न देता काम सोडणे हा गुन्हाच होता. आज परिचारिका संपाची नोटीस देतात तेव्हा सरकार ‘मेस्मा’ची भाषा करते. ही त्याच कायद्यांची नात आहे असे मी समजते. काम इतके अत्यावश्यक की थांबवता येत नाही, मग ते करणारी माणसे तितकी अत्यावश्यक का नाहीत, हे विचारायचे नाही.

इथे कुणी म्हणेल, मग सावित्रीमाईंचे काय? १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनीही सेवाच केली. मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात गेल्या, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. होय, ती सेवाच. पण ती त्यांनी स्वतः निवडलेली होती. त्याच साथीत मुंबईत मैला वाहणाऱ्या हलालखोरांना निवड नव्हती. ते शहर सोडून गेले तर मुंबईचे काय होईल, ही धास्ती पालिकेने घेतली होती, ते मेले तर त्यांच्या घराचे काय होईल ही नव्हे. त्याच वर्षी आलेल्या साथरोग कायद्याचे चौथे कलम पाहा. कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही, एवढेच त्यात आहे. अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण मिळाले, झाडूवाल्याला रोगापासून मिळाले नाही. सावित्रीमाईंच्या त्यागाचे नाव घेऊन आजच्या आयेला बिनहातमोज्यांचे राबवणे हा माईंचा अपमान आहे.

बाबासाहेबांचा मार्ग दुसरा होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना त्यांनी आईच्या विश्रांतीचा प्रश्न दयेचा न ठेवता राष्ट्रहिताचा केला, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, पण जिच्या श्रमाचा फायदा घेतो त्या मालकालाही सोडू नये, असे मांडले. १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना त्यांच्याच खात्याच्या काळात प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना १९४४ मध्ये सादर केली. तिच्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय आला. त्याच सुमाराला भोर समितीने १९४६ च्या अहवालात सांगितले की देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका आहे, आणि ती ज्या परिस्थितीत राहते आणि राबते ती लाजिरवाणी आहे. पण ईएसआय सुरुवातीला कारखान्यांपुरता होता. १९६१ चा प्रसूती लाभ कायदाही आधी कारखाने, खाणी, मळे यांच्यासाठीच. दहा किंवा जास्त माणसे असलेल्या दुकाने-आस्थापनांना तो १९८८ च्या दुरुस्तीने लागू झाला. इतरांची बाळंतपणे करणाऱ्या खाजगी दवाखान्यांतल्या बायांना स्वतःच्या बाळंतपणाच्या रजेसाठी इतकी वाट पाहावी लागली.

सुरक्षेचा विषय निघाला की अरुणा शानबाग यांचे नाव निघतेच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढची ४१ वर्षे त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. हल्लेखोर त्याच रुग्णालयातला सफाई कर्मचारी होता. ही गोष्ट आपल्या बाजूने लिहिताना काही जण गाळतात, ती गाळू नये. खालचा कामगार अत्याचार करत नाही असा आपला दावा नाहीच. त्याला खून करण्याचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली, बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही. पण तपशील बघा : एका परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात जावे लागत होते. त्या काळात मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या, त्या सुरक्षित कामाच्या जागेसाठी. नंतरच्या अनेक दशकांत आपण इच्छामरणावर भरपूर चर्चा केली. कपडे बदलायच्या खोलीवर किती केली?

महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसा रोखणारा कायदा केला. त्याच्या व्याख्येत डॉक्टर, नोंदणीकृत परिचारिका, वैद्यकीय व नर्सिंगचे विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी आहेत. सफाई कामगाराचे नाव नाही. नातेवाईक चिडले की पहिली थप्पड वॉर्डाच्या दारात उभ्या असलेल्या मामाला बसते, हे कुणाही वॉर्डात विचारून घ्या. समाजशास्त्र शिकताना मी श्रेणीबद्ध विषमता पुस्तकात वाचली होती. ती पाहायची असेल तर रुग्णालयात जा. जात ही कामाची वाटणी नसून कामगारांची वाटणी आहे, हे १९३६ चे विधान तिथे मजल्यामजल्यावर दिसते. डॉक्टर सर, परिचारिका सिस्टर, आणि शेवटच्या पायरीवर मावशी आणि मामा. नाते जोडायचे आणि हातमोजे द्यायचे नाहीत.

खरे तर नियम आहेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची आहे, नेमणुकीच्या वेळी आणि वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणी करायची आहे. सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यातच टाकायच्या आहेत, पिवळ्या किंवा लाल पिशवीत नाही. सुई चुकीच्या पिशवीत टाकणारा हात वेगळा असतो आणि ती टोचते तो हात वेगळा. आमच्या वस्तीतल्या एका मावशींना तशी सुई टोचली. रुग्णालय म्हणाले, तुम्ही कंत्राटदाराच्या. कंत्राटदार म्हणाला, दवाखान्यात डॉक्टर आहेत ना, त्यांनाच दाखवा. लसीचे कार्ड त्यांच्याकडे नव्हतेच. २०२० मध्ये त्यांच्यावर टाळ्या-थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलेही पडली. ती फुले दुसऱ्या दिवशी कुणी झाडली असतील?

आपल्या ओळखीत कुणी रुग्णालयात कंत्राटी सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय असेल तर त्यांना तीन कागद मागायला सांगा : हेपटायटिस बीच्या लसीची नोंद, गेल्या वर्षीच्या आरोग्य तपासणीचा अहवाल आणि ईएसआयचा क्रमांक. कागद मिळाले नाहीत तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि एकट्याने देऊ नका, युनियनच्या लेटरहेडवर द्या. जे. जे. च्या त्या दोघींनी एकट्याने अर्ज दिला असता तर तो सुपरिटेंडेंटच्या टेबलावरच राहिला असता.