पॉइंट बॅरोला, गप्पा मारायला

१९३५च्या अमेरिकेत सकाळी पेपर हातात पडला की अनेक जण आधी विल रॉजर्सचा छोटासा चौकोन शोधत. चार-सहा ओळींत राष्ट्राध्यक्षांपासून स्वतःपर्यंत सगळ्यांची फिरकी. ओक्लाहोमातल्या चेरोकी घराण्यातला हा गुराखी रंगमंचावर दोरीचे फास टाकता टाकता बोलू लागला आणि लोक दोरीपेक्षा बोलण्यासाठीच येऊ लागले. पेपरात वाचतोस त्यावरच बोल, हा सल्ला बायकोचा, बेट्टीचा. पुढे सिनेमा आला, रेडिओ आला. बडबड तीच राहिली. पंचावन्नाव्या वर्षी ती थांबली. त्याआधीच्या दिवसांचा आणि तासांचा हा घटनाक्रम.

४ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ. लॉस एंजेलिस

विल आणि बेट्टी रोडिओ बघायला आलेत. अलास्काची ही विमानवारी बेट्टीच्या मनाला रुचलेली नाही. पण या माणसाला घरात किती दिवस बांधून ठेवणार? दिवाणखान्यात दोरी फिरवता यावी म्हणून ज्यानं छत उंच करून घेतलं, आल्यागेल्या पाहुण्यांवर फास टाकतो म्हणून ज्याला एका मित्रानं पेंढा भरलेलं वासरू आणून दिलं, असा हा गडी. खेळ बघताना कुणीतरी दिलेलं लाकूड-कागदाचं कोडं तो हातात चाळवत बसतो आणि नकळत कोटाच्या खिशात टाकतो. अलास्कातल्या पॉइंट बॅरोहून परत आलेल्या वस्तूंमध्ये बेट्टीला ते सापडणार आहे. त्याच रात्री तो विमानानं निघतो.

त्याच आठवड्यात. सिएटल

अलास्काच्या या वारीत विलचा सोबती म्हणजे वैमानिक विली पोस्ट. एक डोळा गमावलेला, आणि तरी १९३३ साली एकट्यानं विमानातून जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. त्याचं विमान मात्र जोडकाम आहे: धड लॉकहीड ओरायनचं, पंख लॉकहीड एक्सप्लोररचे. पाण्यावर उतरण्यासाठी खाली तरंगे बसवलेत आणि त्यामुळे विमानाचं नाक जड झालंय. इंजिन चालू आहे तोवर विली ते सावरू शकतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार. फेअरबँक्स

विल मुलीला तार करतो. मेरी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मेन राज्यात, एका नाट्यगृहात काम करतेय. बेट्टीही तिच्यासोबत आहे. तारेचा मजकूर असा: प्रवास झकास चाललाय, तुम्ही सगळे हवे होतात, तुझा अभिनय कसा चाललाय, सगळ्या बातम्या नोमच्या पत्त्यावर कळवा, आज पॉइंट बॅरोला निघतोय, काळजी करू नका.

बॅरोला दाट धुकं आहे. थांबा, असं जाणकार सांगतात. पण विलला तिथे चार्ल्स ब्रोवरला गाठायचंय. पन्नासेक वर्षं आर्क्टिकच्या किनाऱ्यावर काढलेला हा म्हातारा देवमासे-शिकारी म्हणजे गोष्टींचं भांडार. बोलणाऱ्या माणसाला ऐकायचीही तितकीच हौस असते, हे विलकडे बघून पटावं.

दुपार. हार्डिंग सरोवर

पूर्ण टाक्या भरून चेना नदीतून उड्डाण जमणार नाही, म्हणून इंधन इथे भरतात. बॅरो अजून सुमारे आठशे किलोमीटर. मधे डोंगररांग, पलीकडे सपाट टुंड्रा, आणि त्यावर धुकं.

संध्याकाळ. वालाक्पा

वाट चुकते. धुक्यात एक फट दिसते, खाली उथळ खाडी, काठावर तंबू. विमान उतरतं. क्लेअर ओक्पेहा नावाचा इन्युपियाट शिकारी कुटुंबासह इथे सीलच्या शिकारीला आलाय. बॅरो कुठे? तो दिशा दाखवतो. जेमतेम वीसेक किलोमीटर उरलेत. दोघं पाय मोकळे करतात, दोन शब्द बोलतात, पुन्हा विमानात चढतात.

रात्री ८.१८

उड्डाणानंतर लगेच वळण घेताना इंजिन बंद पडतं. उंची फार नाही, नाक जड. तरंगत खाली यायला वावच नाही. विमान खाडीत तोंडावर आपटतं आणि उलटं होतं. दोघंही जागीच जातात. पोस्टचं घड्याळ ८.१८ला थांबलेलं सापडलं.

रात्री १०. बॅरो

ओक्पेहा टुंड्रातून धावत बॅरो गाठतो. लष्करी तारयंत्रावरच्या सार्जंट मॉर्गननं पुढे केलेल्या तारेत धावत आलेला माणूस पोहोचल्याची वेळ दहाची आहे. ओक्पेहाला नावं माहीत नाहीत. एकाच्या डोळ्यावर पट्टी, दुसरा धिप्पाड, पायात बूट, एवढंच तो सांगतो. त्यावरून ओळख पटते.

१६ ऑगस्ट. मेन

बेट्टी आणि मेरीला बातमी कळते. मेरी ज्या नाटकात काम करत होती ते ‘सीलिंग झीरो’, वैमानिकांच्या अपघाती मृत्यूंचं.

२२ ऑगस्ट

लॉस एंजेलिसमध्ये अंत्यविधी. त्यानंतरही वर्तमानपत्रांत विलचे लेख येत राहिले. अलास्कातून त्यानं आधीच धाडलेले, नेहमीसारखेच चुरचुरीत. वाचकांना त्याचं बोलणं असं आणखी थोडं मिळालं. पण विलच्या घरी संवाद दोन्ही बाजूंनी चाले. मेरीचा प्रयोग कसा झाला, हे नोमला कळवायचं राहिलंच, आणि ते वर्तमानपत्रात छापून भरून निघणारं नव्हतं.