काडीमोडीपासून कोर्टापर्यंत

'घटस्फोट' हा शब्द धर्मशास्त्रातला खरा. पण तेथे त्याचा नवराबायकोशी काही संबंध नाही. पतित झालेल्या माणसाला जिवंतपणीच मेला असे समजून ज्ञातीबाहेर काढायचे, आणि त्याच्या नावाने पाण्याचा घट लवंडायचा, तो विधी म्हणजे घटस्फोट. आपल्या वाड्यावस्त्यांवरचा शब्द निराळा. तेथे पंचांसमक्ष काडी मोडली की संसार मोडला. त्याचा कागद झाला तर ती सोडचिठ्ठी, किंवा फारकत. हा फारकत शब्द मूळ 'फारिगखत', म्हणजे मोकळीक दिल्याचा लेख. सावकाराचे देणे फिटले की ऋणकोच्या हाती पडे त्या कागदालाही फारखतच म्हणत. नवऱ्यापासून सुटणे आणि कर्जातून सुटणे यांना एकच शब्द वापरणारे आपले पूर्वज फार भाबडे नसावेत!

हे सांगण्याचे कारण असे की, हिंदूंत घटस्फोट नव्हताच असे आपण सर्रास म्हणतो. नव्हता तो ब्राह्मणांत व त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत. बाकीच्यांत काडीमोड होती आणि त्यानंतर पाटही होता. मराठेशाहीत पाटावर 'पाटदाम' नावाचा कर घेत. सरकारला ज्याचे उत्पन्न मिळते ती गोष्ट समाजात अस्तित्वात नव्हती असे कसे म्हणावे? पेशवाई गेल्यावर आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जातींचे रिवाज गोळा करून 1827 साली छापले, त्यातही हे सारे नोंदलेले आहे.

मग कोर्टे आली. 1876 साली मुंबई हायकोर्टाने ठरविले की, लग्न रद्द ठरविण्याचा किंवा बाईला दुसरे लग्न करण्याची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. पंचांच्या जुलमाला यामुळे आळा बसला असेल; पण जुने दार बंद करताना नवे कोणी उघडले नाही. पारशांना 1865 साली आणि ख्रिस्ती लोकांना 1869 साली घटस्फोटाचा कायदा मिळाला. हिंदू स्त्रीला नाही.

याचा अर्थ काय होतो हे रुखमाबाईच्या खटल्याइतके स्वच्छ कोठे दिसत नाही. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजीशी झाले. ती नांदायला गेली नाही. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून ती शिकली. 1884 साली दादाजीने, बायकोने नांदायला यावे म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. दावा त्याचा, हे ध्यानात घ्यावे. तिला स्वतः होऊन सुटका मागण्याची सोय नव्हती. ती फक्त प्रतिवादी होऊ शकत होती. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. नांदायला लावण्याचा हा दावा हिंदू शास्त्रातला नव्हेच, तो विलायतेतून आलेला आहे, असे त्यांनी दाखविले. आणि गंमत पाहा, निकालाविरुद्ध 'धर्म बुडाला' म्हणून ओरड झाली! 'केसरी'नेही रुखमाबाईचा पक्ष घेतला नाही. इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टात जन्मलेला उपाय आमच्या सनातन्यांना एका रात्रीत सनातन वाटू लागला. 1886 साली अपिलात निकाल फिरला. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग पत्करतो असे सांगितले. अखेर जुलै 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. राणीने तिचे लग्न रद्द केले अशी कथा अजून सांगतात. ती खरी नव्हे. ते लग्न कोणत्याच कोर्टाने मोडले नाही. तिने पैसे मोजून तुरुंग टाळला, विलायतेला जाऊन 1894 साली ती डॉक्टर झाली आणि सुरतेत, राजकोटास तिने दवाखाने सांभाळले.

एक दार बडोद्याने उघडले. सयाजीरावांच्या राज्यात 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने 1947 साली केला. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोडाच्या चर्चेत, शूद्र म्हणविल्या जाणाऱ्या बहुसंख्य समाजात घटस्फोट रूढच आहे, असे विरोधकांना बजावले होते; 1951 साली ते बिल रखडले म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले. 18 मे 1955 रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रुखमाबाई वारल्या.

त्या कायद्यातही छळ झाला किंवा नवऱ्याने टाकले तर प्रथम नुसते विभक्त राहण्याचा हुकूम मिळे. ती कारणे घटस्फोटाला पुरेशी ठरली 1976 साली. दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची तरतूदही तेव्हाचीच.

आमच्या शाळेत शिकलेली एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे एक स्टँपचा कागद घेऊन आली. सोडचिठ्ठी होती. दोघांच्या सह्या, चार पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. तिला दुसरे स्थळ आले होते.

"गुरुजी, आता मी मोकळी ना?"

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; कादंबऱ्या लिहिल्याने कोणी वकील होत नाही. म्हणून ओळखीच्या वकिलांना विचारून मगच तिला सांगितले. 1955च्या कायद्याने रूढीची काडीमोड राखून ठेवली आहे, कलम 29 मध्ये. पण आपल्या जातीत अशी रूढी जुनी व अखंड आहे हे कोर्टात शाबीत करावे लागते. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. ते शाबीत झाले नाही तर कागद रद्दी, पहिले लग्न कायम, आणि दुसरे केले तर ते बेकायदा. वर गुन्हा तो वेगळाच. नोटरीचा शिक्का सही खरी आहे एवढेच सांगतो, लग्न मोडीत नाही.

ती कागदाची घडी घालीत राहिली. पंचांना दिलेल्या जेवणाचा खर्च तिच्या बापाने केला होता.

मार्ग तसा सरळ आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, दोघांनी मिळून अर्ज करावा. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन यांचे त्यातच लिहून घ्यावे. त्यानंतर किमान सहा महिने थांबून दुसऱ्यांदा तेच सांगावे लागते. 2017च्या निकालाने योग्य प्रसंगी हे सहा महिने माफ होऊ शकतात. नवरा तयार नसेल तर कारण शाबीत करण्याचा लांब रस्ता. पण 2003 पासून बायकोला ती जेथे राहते तेथल्या कोर्टात अर्ज करता येतो, आणि वकिलाची फी नसेल तर विधी सेवा समिती कोणत्याही स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता वकील देते. हे शेवटचे आमच्या गावात एकालाही ठाऊक नव्हते, ग्रामसेवकालाही नाही.

तिचा नवरा तयार झाला. भाद्रपदात दोघांचा पहिला जबाब झाला. दुसरा फाल्गुनात व्हायचा आहे. दुसऱ्या स्थळाच्या मंडळींना तोवर थांबायला सांगितले आहे.