पिल्लांना कोणता ओढा द्यायचा?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या ओढ्यांत ‘पार’ नावाचा एक लहानसा मासा सर्रास मिळायचा. बोटाएवढा, दोन्ही कुशींवर करडे उभे डाग असलेला. मोठा सॅल्मन हा जमीनदारांचा मानाचा मासा, त्याच्यावर पहारे असत. पार मात्र कुणीही धरून न्यावा आणि तळून खावा. ती वेगळीच जात आहे, असं मासे धरणारे मानत आणि बरेच विद्वानही मानत.

ड्रमलॅनरिगच्या परिसरात ड्यूक ऑफ बक्लू यांच्या रानाचा राखणदार असलेल्या जॉन शॉला हे पटत नव्हतं. १८३३पासून त्याने पार धरून ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या तळ्यांत ठेवले. काही काळाने त्यांच्या कुशीवरचे डाग चंदेरी खवल्यांखाली झाकले गेले आणि ती पिल्लं समुद्राकडे निघालेल्या तरुण सॅल्मनसारखी दिसू लागली. तेवढ्यावर तो थांबला नाही. नदीतून सॅल्मनची जोडी धरली, मादीची अंडी आणि नराचं रेत स्वतः मिसळलं, आणि त्यातून जी पिल्लं झाली ती पारच निघाली. लोक ज्याला हलका मासा समजून तळत होते, ते सॅल्मनचं पोर होतं.

पिल्लांसाठी ओढा निवडण्याच्या विद्येची कुळकथा मी शॉपासून धरतो. अंडी हाताने फळवण्याचा मार्ग त्याच्याही आधी सापडलेला होता. जर्मनीतल्या लिप्पे भागात श्टेफान लुडविग याकोबीने तो शोधला आणि १७६३ साली छापूनही आणला. पण मासे उबवता येणं वेगळं, आणि उबवलेली पिल्लं कुठे सोडायची हे कळणं वेगळं. सॅल्मनची पिल्लं एक, दोन, कधी त्याहून जास्त वर्षं ओढ्यातच काढतात, हे शॉच्या तळ्यांनी दाखवलं. त्यानंतरच ‘ओढा कसा हवा’ हा प्रश्न विचारता येणार होता.

विचारला मात्र गेला नाही. १८४०च्या दशकात फ्रान्सच्या व्होज डोंगरांत रेमी आणि जेहाँ या दोघांनी ट्राउट माशाची अंडी उबवून दाखवली. १८५२ साली सरकारने ह्युनिंग इथे मोठं उबवणी केंद्र उभारलं. १८५३मध्ये स्कॉटलंडच्या टे नदीकाठी स्टॉरमंटफील्डला सॅल्मनसाठी तळी झाली. तिथे एकाच विणीतली काही पिल्लं वर्षाने समुद्राकडे निघाली आणि काही आणखी एक वर्ष थांबली. ही फार मोलाची नोंद होती. पण त्या काळाचं सगळं लक्ष आकड्यांवर खिळलेलं होतं. एक मादी हजारो अंडी घालते, मग लाखो उबवा, लाखो सोडा, नद्या आपोआप भरतील, असा तो हिशेब.

या हिशेबाची सर्वांत धाडसी परीक्षा टास्मानियात झाली. विषुववृत्त ओलांडून अंडी न्यायची, तर तीन महिने ती जिवंत ठेवायला हवीत. आधीच्या प्रयत्नांत ती वाटेतच मेली. मग जेम्स यूल याने लंडनमधल्या बर्फाच्या वखारीत प्रयोग केले. ओल्या शेवाळात अंडी घालून लाकडी पेट्या बर्फात पुरायच्या आणि ठरावीक दिवसांनी उघडून बघायच्या. गारठ्यात अंड्यांची वाढ मंदावते, पण थांबत नाही, आणि ती मरत नाहीत. जानेवारी १८६४मध्ये ‘नॉरफोक’ जहाजावरून सॅल्मनची लाखभर अंडी निघाली. सोबत, जवळजवळ भेटीदाखल, ट्राउटची काही हजार होती. एप्रिलमध्ये मेलबर्न, तिथून दुसऱ्या जहाजाने टास्मानिया, आणि शेवटी डरवेंट नदीला मिळणाऱ्या प्लेंटी नदीकाठच्या तळ्यांत ती पोचली. अंडी फुटली, पिल्लं वाढली, समुद्राकडे सोडली गेली. परत एकही टिकाऊ पिढी आली नाही. ट्राउट मात्र तिथेच रुजला आणि तिथून न्यूझीलंडला गेला.

या प्रवासाबद्दल वाचताना मला त्या माणसांच्या चिकाटीबद्दल आदरच वाटतो. प्लेंटीचं पाणी वाईट नव्हतं, पिल्लं तिथे वाढली होती. ट्राउटला सबंध आयुष्य गोड्या पाण्यात काढता येतं, म्हणून त्याला चांगला ओढा पुरला. सॅल्मनला ओढ्यापलीकडे समुद्र लागतो, आणि त्या समुद्रातून माघारी येण्याची वाट लागते. ओढा निवडणं म्हणजे ही सगळी वाट निवडणं.

न्यूझीलंडने हा धडा उशिरा, पण नेमका गिरवला. १८७०च्या दशकात तिथे कॅलिफोर्नियाच्या चिनूक सॅल्मनची अंडी आली, तेव्हा सगळ्यांना वाटा मिळावा म्हणून ती उत्तर-दक्षिणेच्या कितीतरी नद्यांत थोडी थोडी वाटली गेली. सगळीकडे अपयश आलं. १९०१ साली मत्स्यखात्याचे मुख्य निरीक्षक लेक फाल्कनर एसन यांनी उलटं केलं. दक्षिण बेटावरची वायटाकी ही एकच नदी घेतली, तिच्या हाकाटारामेआ या उपनदीवर उबवणी केंद्र बांधलं, आणि १९०७पर्यंत आलेली अंडी तिथेच केंद्रित केली. वायटाकीला बर्फाळ डोंगरांचं थंड पाणी आणि गोट्यांचं पात्र आहे. काही वर्षांतच समुद्रातून मोठे मासे परतून नदी चढू लागले, आणि पुढे आपणहून शेजारच्या नद्यांत पसरले. सगळ्यांना सारखं वाटण्याचा मोह आवरणं हीच एसन यांची खरी करामत, असं माझं मत आहे.

परतणारा मासा आपला ओढा ओळखतो कसा, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात यात कोकणातल्या माणसाला नवल नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे वहाळांतून शेतापर्यंत येतातच. सॅल्मनचं नवल निवडीत आहे. शेकडो फाट्यांतून तो जन्माचाच फाटा धरतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅसलर एकदा युटातल्या डोंगरात धबधब्याजवळ गेले. शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि त्यांना लहानपण आठवलं. माशालाही असंच होत असेल का, असं त्यांच्या मनात आलं. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा ओढ्याच्या दोन फाट्यांतून परतलेले कोहो सॅल्मन धरून त्यांनी आणि वॉरन विस्बी यांनी काहींच्या नाकपुड्यांत कापूस कोंबला आणि सगळे फाट्यांच्या खाली सोडले. नाक मोकळं असलेले आपापल्या फाट्यात गेले. कापूस कोंबलेले वाटेल तिकडे भरकटले. पिल्लू समुद्राकडे निघायच्या सुमारास ओढ्याचा वास मनात साठवतं, हे पुढच्या प्रयोगांनी पक्कं झालं. म्हणजे पिल्लं जिथे सोडाल तोच त्यांचा जन्मभराचा पत्ता.

आज ओढा पारखायचा तो उन्हाळ्यात, पाणी सर्वांत कमी आणि सर्वांत गरम असताना. गुडघ्याएवढ्या खळाळात उतरून दगड उलटायचे. खालच्या बाजूला अळ्या, खड्यांची घरटी करून राहणारे किडे भरपूर दिसले तर खाणं आहे. मुठीएवढे गोटे मोकळे, एकमेकांवर रेलून बसलेले हवेत. त्यांच्या फटींत गाळ बसला असेल तर अंडी गुदमरतात आणि पिल्लांना हिवाळ्यात दडायला जागा उरत नाही. काठावर झाडं हवीत, म्हणजे पाणी तापत नाही. खोल डोहच डोह असतील तर तिथे मोठा ट्राउट टपलेला असतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं म्हणून भुलू नये. दक्षिण नॉर्वेतल्या कितीतरी स्वच्छ नद्या आम्लपावसाने सॅल्मनविना झाल्या, तिथे पाण्यात चुनखडीची भुकटी सोडावी लागली. आणि ओढ्यात मूळचे सॅल्मन वीण करत असतील, तर तिथे बाहेरचं बीज सोडूच नये.

सोडण्याचीही रीत आहे. प्रत्येक पिल्लू दगडाआड आपली हद्द धरून, वाहत येणारा किडा टिपत जगतं. पुलावरून बादली ओतली तर हद्दीसाठी मारामारी होऊन बहुतेक उपाशी मरतात. म्हणून बादली घेऊन ओढ्यातून चालायचं आणि थोड्या थोड्या अंतरावर थोडीथोडी सोडत जायचं.

एवढं सगळं करूनही हार येते, हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीने दाखवलं. १७९८च्या धरणाने तिथला सॅल्मन संपवला होता. १९६७पासून तो परत आणायची मोहीम चालली. लक्षावधी पिल्लं नीट पारखलेल्या उपनद्यांत सोडली, शाळांतल्या मुलांनी वर्गात अंडी उबवली. पिल्लं ओढ्यांत वाढलीही. पण परतणारे मोठे मासे सर्वांत चांगल्या वर्षीही हजारावर गेले नाहीत. वाटेत धरणं होती, आणि समुद्रही बदलला होता. २०१२मध्ये केंद्रीय सरकारने अंग काढून घेतलं. त्या ओढ्यांत पायी चाललेल्या माणसांचं दुःख मला खरं वाटतं, कारण ओढ्याची निवड चुकलेली नव्हती.

धरणाने वाट अडवलेली आणखी एक नदी म्हणजे कॅलिफोर्नियातली मॅक्लाउड. तिच्यावर १८७२ साली लिव्हिंगस्टन स्टोनने विनेमेम विंटू लोकांच्या भूमीत उबवणी केंद्र काढलं होतं आणि तिथली अंडी जगभर गेली. पुढे शास्ता धरणाने त्या नदीकडे जाणारी सॅल्मनची वाट बंद केली. हिवाळ्यात नदीत शिरून उन्हाळ्यात अंडी घालणाऱ्या ‘हिवाळी’ चिनूकला मग धरणाखालच्या पाण्यातच वीण करावी लागली. दुष्काळात ते पाणी तापलं की अंडी मरू लागली. २०२२च्या उन्हाळ्यात, स्टोनचंच नाव दिलेल्या केंद्रातून सुमारे ४०,००० फळलेली अंडी विंटूंच्या सहभागाने मॅक्लाउडकाठी नेली, कारण झऱ्यांवर पोसलेलं तिचं पाणी अजून थंड आहे. पिल्लं नदीत वाढली. समुद्राकडे निघालेल्यांपैकी काही सापळ्यांत धरली आणि गाडीत घालून धरणाखाली सॅक्रामेंटोत सोडली, कारण धरण ओलांडायची दुसरी वाट त्यांना अजून नाही.