मूर्च्छा, मरण आणि अर्धे पैसे

आजचा विषय ऐकून काही जण गालातल्या गालात हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक व्हिडिओ गेमवर काय बोलणार! पण हा विषय आम्हाला नातवाने दिला. लढाईत त्याचा पोकेमॉन हरला, तेव्हा आम्ही सहज विचारलं, "मेला का रे तुझा प्राणी?" तो दुखावल्यासारखा म्हणाला, "आजोबा, मेला नाही. बेशुद्ध झालाय." या दोन शब्दांच्या मध्ये जवळजवळ वीस वर्षांचा इतिहास आहे. आज तेवढाच बघू.

आधी आपल्या अंगणातलं उदाहरण घेऊ. हुतुतूत गडी बाद झाला की आपण "मेला" म्हणायचो आणि परत आला की "जिवंत झाला". या खेळाचे तीन जुने प्रकार होते. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक परत येतो. आजची कबड्डी याच नियमावर चालते. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, समोरच्याला फक्त गुण मिळतो. म्हणजे हरण्याची किंमत किती घ्यायची, या प्रश्नाची तीन उत्तरं मैदानावरच तयार होती.

आता यंत्राकडे वळू. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. नाणं टाका, तीन तोफा मिळतील. तिन्ही गेल्या की पुन्हा नाणं टाका. इथे मरण म्हणजे दुकानदाराचा गल्ला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठीय संगणकांवर 'रोग' नावाचा खेळ आला. त्यात भुयारात राक्षसाने मारलं की जतन केलेला डावही पुसला जायचा. खेळणाऱ्याच्या डोक्यात जेवढं राहिलं, तेवढीच त्याची कमाई.

१९८१ च्या 'विझर्ड्री'ने मधला मार्ग काढला, पण मोठा कठोर. मेलेल्या सोबत्याला देवळात न्यायचं, पैसे भरायचे आणि पुजाऱ्याच्या हाताला यश येतं का, ते बघायचं. विधी फसला तर सोबत्याची राख व्हायची. राखेवरचाही फसला तर तो कायमचा गेला. बघा, पुनरुज्जीवन आहे, पण भरवशाचं नाही.

हा खेळ जपानच्या युजी होरी यांना फार आवडला. १९८६ मध्ये त्यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला, त्यावर विझर्ड्रीची छाप आहे. पण एका ठिकाणी होरींनी निराळा निर्णय घेतला. नायक हरला की तो पुन्हा राजासमोर उभा राहतो. जवळचे निम्मे पैसे जातात, मिळवलेला अनुभव मात्र शाबूत राहतो. हात चपळ नसलेल्या माणसालाही चिकाटीने खेळ पुरा करता यावा, हा त्यामागचा विचार होता. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय आहे. पराभवाने पैसा घ्यावा, शिकलेलं घेऊ नये.

मग २७ फेब्रुवारी १९९६. सातोशी ताजिरी यांचा 'पोकेमॉन' गेम बॉयवर आला. ताजिरी लहानपणी तोक्योजवळच्या माचिदात किडे पकडत हिंडलेले, त्या छंदातून ही कल्पना निघाली. इथे खेळाडूजवळ जास्तीत जास्त सहा प्राणी असतात. हरलेल्या प्राण्याच्या अवस्थेला जपानीत 'हिन्शी', म्हणजे मरणासन्न, असा शब्द आहे. इंग्रजीत त्याचं मूर्च्छित झालं. सहाही पडले की खेळाडूच्याच डोळ्यांपुढे अंधारी येते, निम्मे पैसे जातात आणि तो उपचार केंद्रात पोहोचतो. तिथे सगळे फुकट बरे होतात. लढाईच्या मध्यात उठवण्याचं औषधही मिळतं, पण ते सोडलं तर ही आपली गामिनीच झाली!

ताजिरींनी हे जाणूनबुजून केलं होतं. १९९९ मधल्या एका मुलाखतीत त्यांनी कारण सांगितलं. मुलं खेळात हरताना "मी मरतोय" म्हणतात, ते त्यांना पटत नव्हतं. मरणाचा मान राखला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि तो त्यांनी राखला आहे, बरं का. त्याच खेळात लॅव्हेंडर नावाच्या गावात मेलेल्या पोकेमॉनच्या थडग्यांचा मनोरा आहे. तिथे एका पिल्लाची आई टोळीच्या हातून मारली गेली आहे. तिला कोणतंही औषध उठवत नाही. म्हणजे मरण खेळातून हद्दपार केलेलं नाही, फक्त हार आणि मरण यांची गल्लत होऊ दिलेली नाही.

गंमत पुढेच आहे. २०१० च्या सुमारास एका अमेरिकी खेळाडूने स्वतःवर जाचक नियम लादून घेतले: प्रत्येक भागात भेटलेला पहिलाच प्राणी पकडायचा, आणि जो मूर्च्छित झाला तो मेला असं मानून सोडून द्यायचा. त्यावर त्याने चित्रकथा काढली आणि या पद्धतीला 'नझलॉक' हे नाव पडलं. त्यातला 'लॉक' एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या पात्राचा आहे, आणि त्या पात्राचं नाव जॉन लॉक या तत्त्वज्ञावरून ठेवलेलं. आमच्यासारख्याला याहून काय हवं! लॉकने १६९४ च्या आवृत्तीत आपल्या निबंधाला एक प्रकरण जोडलं. माणूस तोच राहतो तो देहामुळे नव्हे, मागचं आठवणाऱ्या जाणिवेमुळे, असं त्यात मांडलं आहे. होरींचा नायक नेमका याच अर्थाने 'तोच' राहतो. नझलॉकवाले म्हणतात, गमावण्याची भीती नसेल तर माया जडत नाही. त्यांचंही खोटं नाही. पण ती भीती त्यांनी स्वतः निवडलेली असते, दुसऱ्याने लादलेली नसते.

आता आमच्यापुरतं. आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. एटीकेटी म्हणजे सूट, लाड, असं आम्ही बैठकांत ठासून सांगायचो. निकालाच्या दिवशी एखादा मुलगा दारात येऊन म्हणायचा, "मेलो, सर." आम्ही ती बोलण्याची रीत समजून सोडून द्यायचो. एका वर्षाच्या हारीला त्याने काय नाव दिलं आहे, हे आम्ही कधी ऐकलंच नाही. "मेला नाहीस रे, निम्मे पैसे गेलेत, शिकलेलं जवळ आहे," एवढं सांगणं काही अवघड नव्हतं. ते नातवाने शिकवलं, तेही आम्ही निवृत्त झाल्यावर.

समोर जे शिक्षक बसले आहेत, त्यांनी तरी उशीर करू नये.