धारावीतील चर्मव्यवसाय आणि प्लॅस्टिक पुनर्चक्रीकरण

चर्मव्यवसाय आणि प्लॅस्टिकचे पुनर्चक्रीकरण हे मुंबईतील धारावी या वस्तीत एकमेकांच्या शेजारी वाढलेले दोन लघुउद्योग आहेत. पहिला पिढीजात कौशल्यावर उभा आहे, तर दुसरा शहराने टाकून दिलेल्या वस्तूंवर. चामड्याचा पुरवठा घटल्यानंतर टाकाऊ रबर व प्लॅस्टिक यांपासून चर्मकार कारागिरांना ‘हरित रोजगार’ मिळू शकेल काय, हा प्रश्न पुढे आला आहे.

पार्श्वभूमी

धारावीत चामडे कमावण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. त्यात तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. कातडी कमावणारे ढोर आणि जोडे शिवणारे चर्मकार हे महाराष्ट्रातील समाजही त्यात होते. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलविण्यात आला. पुढे कमावण्याचे काम ओसरले व मुख्यतः शिलाई आणि विक्री उरली. संत रोहिदास मार्गावरील चामडी वस्तूंची दुकाने ही त्याची आजची ओळख होय. २०१५ मध्ये राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे चामडे त्यातून वगळलेले असले, तरी अनेक लहान कारागिरांचे काम घटले.

पुनर्चक्रीकरणाची पद्धत

‘तेरा कंपाउंड’ या भागात भंगारातून आलेले प्लॅस्टिक प्रथम हाताने निवडले जाते. अनुभवी कामगार तुकडा वाकवून, त्याचा आवाज ऐकून, प्रसंगी जाळून येणाऱ्या वासावरून त्याचा प्रकार ओळखतात. ही पारख कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. नंतर माल यंत्रात चुरून धुतात, छपरांवर वाळवतात, वितळवून त्याच्या दोऱ्या काढतात आणि पाण्यात थंड करून त्यांचे दाणे पाडतात. हा दाणा नव्या वस्तूंसाठी विकला जातो.

पादत्राणांच्या बाबतीत हे इतके सोपे नाही. एका बुटात चामडे, कापड, फोम, रबर, धातू व गोंद एकत्र असतात आणि ते वेगळे करण्यास फार श्रम लागतात. पीव्हीसीचा तळ चुरून पुन्हा साच्यात घालता येतो; मात्र पीव्हीसी जाळल्यास हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. ईव्हीएचा फोम व बहुतेक पॉलियुरेथेनचे तळ साध्या रीतीने पुन्हा वितळत नाहीत. त्यांचा भुगा चटया किंवा भराव यांसाठी वापरतात. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतील उत्पादकाची विस्तारित जबाबदारी मुख्यतः वेष्टनांपुरती असल्याने जुन्या चपलांची जबाबदारी कोणावरच पडत नाही.

हरित रोजगाराचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार हरित रोजगार म्हणजे पर्यावरणाचे रक्षण करणारे आणि सन्मान्य असे काम. धारावीतील पुनर्चक्रीकरण यातील पहिली अट निःसंशय पुरी करते. दुसरीचे काय, हा खरा वादाचा मुद्दा आहे. हे कामगार मुख्यतः उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले असून धूर, धूळ आणि उघडी यंत्रे यांच्या सान्निध्यात बहुधा लेखी कराराविना राबतात. जोडे शिवणाराही सुरक्षित नाही. गोंदातील एन-हेक्झेनमुळे मज्जातंतूंचा विकार जडतो, हे १९६० च्या दशकात जपानमधील सँडल बनविणाऱ्या कामगारांत आढळले होते. शिवाय दोन धंदे शेजारी असले, तरी त्यांतील माणसे वेगळी आहेत. त्यामुळे भंगारातील काम चर्मकाराकडे आपोआप येत नाही, आणि कसबी हाताला केवळ कचरा निवडण्याचे काम देणे ही प्रगती म्हणता येणार नाही.

सुधीर राजभर यांच्या ‘चमार स्टुडिओ’ने दुसरी वाट धरली. टाकाऊ टायर-ट्यूबच्या रबराचे पत्रे चामड्याऐवजी वापरून कारागीर तेथे पिशव्या शिवतात. येथे बदलतो तो कच्चा माल, कसब तेच राहते. हिणवण्यासाठी वापरला जाणारा जातिवाचक शब्द नावात हेतुतः घेतला आहे.

राज्य शासन व अदानी समूहाच्या संयुक्त कंपनीमार्फत धारावीचा पुनर्विकास हाती घेण्यात आला आहे. घरांसोबत कारखान्यांच्या जागांचाही प्रश्न त्यात गुंतलेला आहे. निवडणे, धुणे, वाळवणे आणि शिवणे ही कामे आज चालत्या अंतरावर होतात, आणि स्वस्त कच्चा माल त्या सान्निध्यातूनच मिळतो.