अपाय आणि अन्याय

मार्च १९४५ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ओक रिज येथे मोटार अपघात झाला आणि एब केड नावाचा एक कृष्णवर्णीय मजूर जखमी झाला. वय पन्नाशी उलटलेले. अणुबाँबचे इंधन जिथे तयार होत होते त्या कारखान्याच्या बांधकामावर तो सिमेंटचे काम करी. त्याच्या हातापायांची हाडे मोडली होती, म्हणून त्याला लष्कराच्या इस्पितळात ठेवले. १० एप्रिल रोजी त्याच्या शरीरात ४.७ मायक्रोग्रॅम प्लुटोनियम टोचण्यात आले. मोडलेली हाडे त्यानंतर पाच दिवसांनी बसवली, आणि बसवताना हाडांचे तुकडे परीक्षणासाठी काढून घेतले. पुढे त्याचे पंधरा दातही काढले. प्लुटोनियम हाडांत किती साठते ते डॉक्टरांना पाहायचे होते. कागदोपत्री एब केड उरला नाही. उरला तो ‘एच. पी. १२’.

१९४५ ते १९४७ या काळात अशा अठरा माणसांना प्लुटोनियम टोचले गेले. ओक रिजला एक, रॉचेस्टरला अकरा, शिकागोला तीन आणि सॅन फ्रान्सिस्कोला तीन. हेतू असा सांगितला जातो की, कारखान्यातील कामगारांच्या शरीरात किती प्लुटोनियम गेले हे त्यांच्या मलमूत्रावरून ओळखता यावे. हेतू वाईट नव्हता. परंतु ज्यांच्या शरीरावर हे माप घेतले त्यांना त्याचा काडीइतका उपयोग नव्हता, आणि काय टोचले जात आहे हेही त्यांना कळू दिले नाही. प्लुटोनियम हा शब्दच तेव्हा लष्करी गुपित होता. ज्यांचे आयुष्य थोडेच उरले आहे असे रुग्ण निवडले, असे समर्थन पुढे करण्यात आले. प्रत्यक्षात त्यांतले काही पुढे कित्येक वर्षे जगले. १९७३ साली हयात असलेल्या काहींना पुन्हा तपासणीसाठी बोलावले, मृतांपैकी काहींच्या कबरी उकरून हाडे तपासली. तेव्हाही खरे कारण ना त्यांना सांगितले, ना त्यांच्या नातेवाइकांना.

या प्रकरणाची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तो काळच वेगळा होता. आजची नीती कालच्या माणसांना लावू नये.’ मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. हे वाक्य वर्गातही ऐकतो आणि सभेतही. इतिहासाच्या शिक्षकाने त्याचे उत्तर कागदांतून द्यायचे असते, म्हणून कागदच पाहू.

१७ एप्रिल १९४७. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगातील एक लष्करी अधिकारी लेखी कळवतो की, माणसांवरील प्रयोगांचा उल्लेख असलेला आणि लोकमत बिघडवू शकेल किंवा कोर्टकज्जे उभे करील असा कोणताही कागद बाहेर जाऊ देऊ नये. देशाची सुरक्षितता हे कारण तेथे नाही. कारण आहे लोकमताची आणि कोर्टाची भीती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्ग येथे अमेरिकन न्यायाधीशांनी नाझी डॉक्टरांना दोषी ठरवले आणि दहा नियम घालून दिले. पहिला नियम : माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. १९५० साली डॉ. जोसेफ हॅमिल्टन यांनी आयोगाला लिहिले की, सैन्याने सुचवलेल्या मानवी प्रयोगांना बुखेनवाल्डची थोडी छटा आहे अशी टीका होईल. कॅलिफोर्नियातील प्लुटोनियमच्या प्रयोगात या गृहस्थांचा स्वतःचा हात होता. म्हणजे जाण होती. जाण नव्हती असे म्हणायला जागा राहत नाही.

आणि सर्वांत बोलका कागद फेब्रुवारी १९५३ चा. संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांनी न्यूरेंबर्गचे नियम आपल्या खात्याला लागू केले. लेखी संमती घ्या, असे बजावले. मात्र त्या आदेशावर शिक्का मारला ‘अतिगोपनीय’! नियम ज्यांच्या रक्षणासाठी, त्यांच्यापासूनच नियम दडवला. नियम आहे, पण तो वाचण्याचा अधिकार मूठभरांना आहे आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या कानावर तो पडता कामा नये, ही व्यवस्था या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता प्रश्न असा की, शरीरे कोणाची निवडली? येथे आपण घाई करता कामा नये. सगळेच बळी काळे होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. प्लुटोनियम टोचलेल्यांत बहुसंख्य गोरे होते. मॅसॅच्युसेट्समधील फर्नल्ड या मतिमंद ठरवलेल्या मुलांच्या सरकारी शाळेत १९४० आणि १९५० च्या दशकांत मुलांना किरणोत्सर्गी लोह आणि कॅल्शियम घातलेली न्याहारी दिली. त्यांचा ‘विज्ञान मंडळ’ म्हणून गट केला, सहलीचे आणि जादा दुधाचे आमिष दाखवले. पालकांना पाठवलेल्या पत्रांत किरणोत्सर्गाचा उल्लेख नव्हता. ती मुले गोरीच होती. ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या तुरुंगांत १९६३ पासून शंभरावर कैद्यांच्या वृषणांवर क्षकिरण सोडले. तेथे सह्या होत्या, पैसेही दिले होते. पण गजाआडच्या माणसाची सही स्वेच्छेची कितपत मानावी?

पॅसिफिक महासागरात मार्शल बेटांवर १ मार्च १९५४ रोजी ‘ब्राव्हो’ या हैड्रोजन बाँबची चाचणी झाली. राँगेलॅपच्या रहिवाशांवर किरणोत्सर्गी राख पडली. त्यांना तेथून हलवायला दोन दिवस लागले. १९५७ साली त्यांना पुन्हा त्याच बेटावर नेऊन सोडले आणि वर्षानुवर्षे तपासले. १९५६ साली आयोगाच्या एका बैठकीत एका अधिकाऱ्याने म्हटले की, हे लोक सुधारलेल्या माणसांसारखे राहत नाहीत हे खरे, तरी उंदरांपेक्षा ते आपल्याला जवळचे आहेत.

काळा मजूर, सरकारी शाळेतला मुलगा, कैदी, बेटावरचा कोळी. यांचा वर्ण एक नाही, भाषा एक नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांत समान आहे : यांच्यापैकी कोणीही ‘मला विचारले का नाही?’ असे म्हणेल आणि त्याचे ऐकले जाईल, अशी शक्यता नव्हती. किती मात्रा द्यायची ते विज्ञानाने ठरवले. कोणाला द्यायची ते समाजाच्या उतरंडीने आधीच ठरवून ठेवले होते.

सिनसिनाटीत ही उतरंड उघडी पडते. १९६० ते १९७१ या काळात तेथील जनरल इस्पितळात डॉ. युजीन सेंगर यांनी सुमारे नव्वद कर्करोग्यांच्या शरीरावर किरणांचा मारा केला. पैसा संरक्षण खात्याचा. त्या खात्याला जाणून घ्यायचे होते की, अणुयुद्धात किरणे लागलेला सैनिक किती वेळ लढू शकेल. हे उपचारच होते, असे डॉक्टर अखेरपर्यंत म्हणत राहिले. रुग्ण गरीब होते आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. पहिली पाच वर्षे संमतिपत्रच नव्हते. मळमळ आणि उलट्या होतील हे रुग्णांना मुद्दाम सांगितले नाही, कारण त्याच लक्षणांची नोंद घ्यायची होती.

माझ्या घरात कागद वाचू शकणारा मी पहिला. माझ्या आधीच्या पिढ्यांनी कागदांवर अंगठे उठवले. कागदात काय आहे, ते कागद पुढे करणाराच सांगे. म्हणून ‘संमतिपत्र होते की नव्हते’ एवढ्यावर माझे समाधान होत नाही. अंगठा घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे. समोरच्याला ‘नाही’ म्हणता येते, आणि ‘नाही’ म्हटल्यावरही त्याचा उपचार थांबत नाही, तेव्हाच त्याच्या ‘हो’ला अर्थ येतो.

सिनसिनाटीचे प्रकरण तडीस लावण्यात मोठा वाटा मार्था स्टीफन्स यांचा. त्या डॉक्टर नव्हत्या, वकीलही नव्हत्या. त्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवत होत्या. १९७१ च्या अखेरीस वृत्तपत्रांत बातमी आल्यावर त्यांनी इस्पितळाकडून लष्कराला गेलेले अहवाल मागून घेतले, वाचले, आणि जानेवारी १९७२ मध्ये कनिष्ठ प्राध्यापकांच्या संघटनेतर्फे निष्कर्ष जाहीर केले. त्याच वर्षी प्रकल्प बंद पडला. मुंबईत दलित पँथरने अमेरिकेतील काळ्या पँथरचे नाव घेतले तेही १९७२ सालीच. एका घटनेची दुसरीला खबर नव्हती, पण प्रश्न एकाच जातीचा होता.

१९९३ च्या नोव्हेंबरात आयलीन वेल्सम या पत्रकार बाईंनी आल्बुकर्कच्या एका लहान दैनिकात प्लुटोनियमच्या बळींची नावे शोधून छापली. आकड्यांची पुन्हा माणसे झाली. ऊर्जामंत्री हेझल ओ'लिअरी यांनी दप्तरे खुली केली, चौकशी समिती बसली. १९४४ ते १९७४ या काळातील सुमारे चार हजार प्रयोग तिच्यासमोर आले. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. त्याच दिवशी ओ. जे. सिम्पसन खटल्याचा निकाल लागला आणि माफीची बातमी आतल्या पानांत गेली.

समितीच्या अहवालातील एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. अपाय होणे वेगळे आणि अन्याय होणे वेगळे. बहुतेक प्रयोगांतील मात्रा अल्प होती, अनेकांना शारीरिक इजा झाली असे सिद्ध करता येत नाही. सरकारी बचाव येथेच टेकलेला असतो : ‘इजा दाखवा.’ पण पाणवठ्यावरून हाकलून दिलेल्या माणसाच्या अंगावर जखम नसते, म्हणून त्याच्यावर अन्याय झाला नाही काय? माणसाला न विचारता वापरले, त्या क्षणीच अन्याय पुरा होतो. पुढे कर्करोग झाला की नाही, हा नुकसानभरपाईचा प्रश्न आहे. माणूसपणाचा हिशेब त्याआधीच झालेला असतो. समितीने हा भेद केला खरा, पण भरपाईची शिफारस केली ती थोड्यांसाठीच. भेद कागदावर राहिला आणि पैशाचा हिशेब जुन्याच मापाने झाला.

विज्ञानाला विरोध करा असा याचा अर्थ कोणी काढू नये. विज्ञानाने आपल्याला पुष्कळ दिले आहे आणि ते आपलेही आहे. प्रश्न एवढाच की प्रयोगाच्या टेबलावर कोण झोपतो आणि नोंदवही कोणाच्या हातात असते. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी नोंदवही मागायला शिकले पाहिजे. इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने ती मागितली आणि बसून वाचली. तेवढे काम आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.